चुन्याच्या रेघेपलीकडे

“मौसी, अंदर काम चालू है, जाने का नहीं,” सुपरवायझरने तिसऱ्यांदा सांगितलं, तशी सरूबाई फाटकासमोर मातीत बसलीच.

“मेरी बच्ची है अंदर.”

त्याने घाबरून आत चाललेला डंपर थांबवला. बच्ची छत्तीस वर्षांपूर्वी पुरलेली आहे हे कळल्यावर कपाळावर हात मारला, पण फाटक उघडलं. “दस मिनट. बस.”

काशीमिऱ्यामागच्या या डोंगरात एकेकाळी खडीनगर होतं. खाण निघाली म्हणून वसलं. नऊ वर्षांत चारशे झोपड्या, बालवाडी, रॉकेलचं दुकान, शनिवारी मारुतीची आरती, सगळं झालं. मग कोर्टाचा हुकूम आला आणि महिन्याभरात वस्ती उठली. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात. इथल्या लोकांनी डोंगरातून शहराचे टॉवर काढले, आणि त्यांचं नाव कुणाच्या गावीही नाही. सिल्व्हर पार्कात सरूबाई ज्यांच्या पोळ्या लाटते, त्यांना विचारून बघा, खडीनगर कुठे होतं म्हणून.

लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. खाणीतल्या मजुरांनी त्यासाठी डोंगराची वरची पट्टी धरली होती, चुन्याच्या रेघेपलीकडची. रेघ ठेकेदाराची: सुरुंग इथवर, पुढे नाही. ही माणसं कागदावर विश्वास ठेवत नसत, पण रेघेवर ठेवत, कारण रेघ चुकली तर जीव जायचा. सरूबाईची बावीस दिवसांची पोर तिथेच होती, छिन्नी न लागलेल्या दगडाखाली. आता इथे टॉवर उठणार हे ऐकल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. तिला तिथली मूठभर माती हवी होती, दुसरं काही नको होतं.

बरोबर धर्माजी होता, खाणीचा जुना मुकादम. जागा त्यालाच ठाऊक. 

“कुटं वर चढायचं, धर्माजीदादा? इथं तर समदं सपाटच हाय.”

धर्माजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. “सरू, रेघ पुढं सरकवली व्हती ठेकेदारानं. तू बाळंतपणाला गावी गेलीस, तुझ्या कौस्तुभच्या वेळी, तवा.”

“म्हंजे?”

“वरची पट्टी फोडली. सगळी.”

तिला कळायला वेळ लागला. ती परत आली तेव्हा खाण बंद होती, फाटकाला कुलूप होतं. “वर जाऊ देत नाहीत,” असं नवऱ्याने सांगितलं होतं. पुढे दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी पंढरीनाथ म्हणायचा, “हाय तशी हाय जागा. कशाला जीव जाळतेस?” मरेपर्यंत हेच म्हणाला. सुरुंग भरायचं काम त्याचं होतं, हेही तिला आत्ता आठवलं.

“तिथला सुरुंग कुणी भरला, दादा?”

धर्माजीने मान फिरवली. “पंढरीनं. म्या म्हनलं, आजच्या दिस दुसऱ्याला धाडतो. तर म्हनला, माझ्या लेकीला परक्याचा हात नको लागाया. बार झाल्यावर चार दिस जेवला न्हाई.”

सरूबाईला नवऱ्याचा संताप आला, इतका की तो जिवंत असता तर तिने त्याची गचांडी धरली असती. आणि त्याच क्षणी, जन्मभर एकट्याने हे पोटात ठेवून झोपणाऱ्या त्या माणसासाठी ती हुंदके देऊन रडली.

“जागा तरी दाव,” ती शेवटी म्हणाली.

धर्माजी दहा पावलं चालला, अंदाज घेतला आणि काठी वर उचलली. तिथे नुसती हवा होती.

“एवढ्या वर?”

“पाच माळे तरी असंल.”

सुपरवायझर घड्याळ दाखवत आला. “मौसी, हो गया?”

सरूबाईने डोळे पुसले. मान वरच होती. “भैया, इधर पाँचवा माला होगा ना?”

“बाईस माले का है. क्यों?”

“पाँचवा बिक गया क्या?”

“लेना है क्या, मौसी?” तो हसला.

ती हसली नाही. “जो लेगा ना,” ती म्हणाली, “उसको बोलना, उधर आवाज कम करने का.”