काचेमागे टांगलेली काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असते. आज ती पुरी होणार नाही.

मी हिकरी नावाच्या चिवट लाकडाच्या झाडातून आले. अमेरिकेतल्या मोहॉक या मूळच्या रहिवाशांच्या वस्तीतल्या वीशे नावाच्या कारागिराने त्या झाडाच्या मुळाशी चिमूटभर तंबाखू ठेवली, झाडाचे आभार मानले आणि मगच कुऱ्हाड उचलली. त्याने मला वाफ देऊन टोकाशी वाकवले, तारेने बांधले आणि सगळा हिवाळा माळ्यावर सुकत ठेवले. मग तासून गुळगुळीत केले आणि वाकलेल्या भागात कातड्याच्या वाद्यांचे जाळे विणले. या जाळ्यात चेंडू झेलायचा, पळायचे आणि समोरच्या गोलात मारायचा. बाहेरचे लोक या खेळाला लॅक्रोस म्हणतात. आमची माणसे म्हणतात, हा खेळ निर्मात्याने दिला आहे; आजाऱ्यासाठी खेळला तर तो औषध होतो.

वीशेने मला सावातीसच्या हातात दिले तेव्हा तो कोवळा पोरगा होता. पुढे मोठा झाल्यावर आठवडाभर तो न्यूयॉर्कच्या उंच इमारतींच्या लोखंडी तुळयांवर काम करायचा. शुक्रवारी सोबत्यांबरोबर गाडीत दाटीवाटीने बसून घरी यायचा आणि शनिवारी आम्ही दोघे मैदानात असायचो. त्याचे नाक मोडले, माझा दांडा तडकला. त्याने मला दोरा गुंडाळून सांधले. नाक तसेच राहिले.

वस्तीजवळच्या शहरातला एक मोठा क्लब आम्हाला सामन्याला बोलवायचा. आमचे नाव लावले की तिकिटे खपायची. पण क्लबचे दर्शनी दार आमच्यासाठी बंद असे. सावातीस बसमध्ये कपडे बदलायचा, त्यांना हरवायचा आणि घामाचे कपडे पुन्हा बसमध्येच उतरवायचा. त्यांच्या मोठ्या स्पर्धेत आम्हाला जागा नव्हती. ज्यांचा खेळ, त्यांनाच बाहेर ठेवायचे! सावातीस हे हसून सोडून द्यायचा. मी सोडलेले नाही.

गुडघा गेल्यावर तो पोरांना शिकवू लागला. सामन्याआधी एकच गोष्ट विचारायचा, आज कोणासाठी खेळायचे? कोणी आजारी मावशीचे नाव घ्यायचे, कोणी शेजाऱ्याचे. त्याशिवाय चेंडू मैदानात पडत नसे. खेळ सुरू झाला की मात्र त्याची जीभ सुटायची.

"अरे, तो चेंडू आहे, तुझ्या आत्याचा गाल नाही. कुरवाळत काय बसलास?"

घरी मी दाराशेजारी उभी असायचे. आमच्या लाकडी काठीला बायकांनी हात लावायचा नाही, अशी रीत आहे. त्याची बायको आनेन केर काढताना ओरडायची, "तुझ्या त्या लाडकीला उचल आधी. ती घरात बसून खाते आणि राबते मी." तो हसत यायचा आणि मला उचलायचा. आनेनचे बोट कधी मला लागले नाही.

मग एके दिवशी त्याच क्लबने सावातीसचा सत्कार केला. या वेळी दर्शनी दार उघडे होते. अध्यक्ष प्रेस्कॉट यांनी मला काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी मागितले. सावातीस सगळ्यांसमोर म्हणाला, "ठेवा. माझी जायची वेळ आली की ही मला लागेल. मी बोलावून घेईन."

लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनोद वाटला. मित्रांनो, आमच्याकडे खेळाडूची काठी त्याच्याबरोबर मातीत जाते. पलीकडच्या मैदानात तो रिकाम्या हाताने कसा उभा राहणार? सावातीसला वाटले, बोललेले पुरे आहे. आमच्यात ते पुरते.

त्यांनी माझ्या दांड्यात खिळा ठोकून क्लबच्या नावाची पितळी पट्टी बसवली. रोज कोणीतरी काच पुसायचे. माझ्या वाद्या आत सुकून कडक झाल्या. तिकडे सावातीस प्लास्टिकची काठी घेऊन पोरांना शिकवत राहिला.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचा जुना शिष्य आतोनवा मला न्यायला आला. प्रेस्कॉट म्हणाले की काठी आता क्लबचा ठेवा आहे, समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि तुम्ही लोक नवीन काठी सहज बनवू शकता.

"बरं," आतोनवा म्हणाला. "सावातीस आजोबांना सांगतो, समिती बसेपर्यंत श्वास चालू ठेवा."

सावातीसने तो ठेवला नाही; बैठकीआधीच तो गेला. बातमी शहरात पोहोचली तेव्हा क्लबला लाज वाटली असावी. प्रेस्कॉट पांढरे हातमोजे घालून स्वतः मला घेऊन आले. दर्शनासाठी थोडा वेळ ठेवू आणि परत नेऊ, असे त्यांनी दारातच सांगितले. घरात मक्याचे सूप उकळत होते. न्यूयॉर्कहून लोखंडकामावरची माणसे आली होती. आतोनवाने मला प्रेस्कॉटच्या हातातून घेतले, खिशातून पक्कड काढली, खिळा उपटला आणि पट्टी त्यांच्या हातमोज्यावर ठेवली. मग मला शवपेटीत सावातीसच्या उजव्या हाताशी निजवले.

प्रार्थना संपली. प्रेस्कॉट शवपेटीजवळ आले आणि त्यांनी हात पुढे केला. आनेन खुर्चीतून उठली.

"साहेब, मी जन्मभर हिच्याबरोबर एका घरात राहिले, पण हिला हात लावला नाही. कारण ही माझी नव्हती. तुमची कधी झाली?"

तो हात तसाच थांबला, मग खिशात गेला. आनेनने त्यांना बसायला सांगितले आणि त्यांनाही सूप वाढले. तिचे मन माझ्याहून मोठे आहे.

आता झाकण लागेल, म्हणून थोडक्यात सांगते. मित्रांनो, नुसती काच पुसली म्हणजे वस्तू जपली असे समजू नका. ज्याला तिची गरज आहे त्याच्या हातात ती वेळेवर द्या. मला उशिरा दिले. शेवटच्या दिवसांत सावातीसची बोटे पांघरुणावर मला चाचपत होती, असे आतोनवा सांगत होता. तेव्हा मी काचेमागे होते. हे मी खाली मातीतही विसरणार नाही.

त्याची बोटे गार आहेत, पण पकड ओळखीची आहे. तो विचारेल, आज कोणासाठी खेळायचे? मी आनेनचे नाव सांगणार आहे.