माईकला न सोसणारा आवाज

प्यो गीहून नावाचा तरुण बेटावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ टेपरेकॉर्डरची पेटी, एक माईक आणि तो उभा करायचा दांडा एवढंच सामान होतं. रेडिओवाल्यांनी त्याला गावोगावची जुनी गाणी गोळा करायला पाठवलं होतं. एका माईकवरचं काम हाताला सोपं, पण तोंडाला अवघड. कुणाचा आवाज कमी करायचा तर बटण फिरवून भागत नाही. त्या माणसालाच सांगावं लागतं, जरा मागे सरका.

गावच्या सभाघरात बायका जमल्या होत्या. भातलावणीच्या गाण्यात प्रत्येक ओळ वर्षानुवर्षं आधी नामरे आजी म्हणायची आणि बाकीच्या चिखलात वाकून तिला साथ द्यायच्या. आता ती सुरुवात तिची सून ओकदान करायची. पण आजी काही मागे बसणाऱ्यातली नव्हती. माईक दिसताच ती त्याच्यासमोर ठाण मांडून बसली.

गीहूनने कानाला हेडफोन लावले. ओकदानचा आवाज कसा लख्ख येत होता. पण त्याच्यावर चढून आजीचा आवाज, चिरलेल्या बांबूसारखा, सुरापासून जरा खाली घसरलेला.

"आजी, थोडं मागे."

"एवढं?"

"अजून जरा."

"आणखी सरकले तर समुद्रात पडेन की रे, मेल्या!" आजी म्हणाली आणि बायका खिदळल्या.

आजीची पाठ भिंतीला टेकली, तरी ती ऐकू येतच होती. गाणं होतं तसं घ्यायला गीहूनला कुणाची हरकत नव्हती. पण त्याला ते सुंदर हवं होतं. त्याने हेडफोन काढले आणि हसून म्हणाला, "आजी, तुमचा आवाज फार दमदार आहे. माझ्या माईकला सोसत नाही. तुम्ही बाहेर ओसरीवर बसून गा, म्हणजे बरोबर बसेल."

आजीचा चेहरा फुलला. "ऐकलंत का गं? यंत्राला सोसत नाही म्हणतोय!" घागरा सावरत ती आपणहून बाहेर गेली. वारा लागतो असं सांगून गीहूनने दार ओढून घेतलं.

गाणं झालं. बायकांना ते लगेच ऐकायचं होतं. आजीही हौसेने उंबऱ्यात येऊन उभी राहिली. गीहूनने टेप पार सुरुवातीला नेली आणि बटण दाबलं.

गाण्याआधी त्याचाच आवाज आला. "हं, आता बरं. आजींचा आवाज पार फाटलाय हो."

मग ओकदानचा. "मला काय कळत नाही होय? पण आईंना सांगणार कोण?"

आणि त्यावर दोघांचं हसणं.

गीहूनने झडप घालून टेप थांबवली. आवाज तपासताना चालू केलेली टेप बंद करायला तो विसरला होता. ओकदानची हनुवटी छातीला टेकली होती.

"बंद का केलंस?" आजी म्हणाली. "गाणं लाव की."

त्याने लावलं. आजीने ते उभ्याने, दाराला हात धरून, शेवटपर्यंत ऐकलं. त्यात तिचा आवाज कुठेही नव्हता.

"छान गायलीस गं," ती सुनेला म्हणाली. "तिसऱ्या कडव्यात श्वास लवकर घेतेस, तेवढं सांभाळ. चला, पाहुण्याला जेवायला वाढायचंय."

जेवताना तिने भाजलेल्या माशाचे काटे स्वतःच्या हाताने काढले आणि तुकडा गीहूनच्या भातावर ठेवला. त्याने चमचा खाली ठेवला.

"आजी, मी ते पुसून टाकतो. तुम्ही सगळ्या मिळून पुन्हा..."

"माझ्या सुनेचं गाणं पुसणारा तू कोण? तुमचं बोलणं तेवढं काप. जेव आता, मासा गार होतोय."

त्याने तेवढंच कापलं. गाणं रेडिओवर लागलं आणि लोकांना आवडलं. "काय स्वच्छ आवाज पकडलायस!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ते 'स्वच्छ' ऐकून गीहूनचे कान तापले. पुढे कुणीही ते गाणं काढलं की तो काहीतरी निमित्त काढून उठायचा.

हिवाळ्यात तो कुणी न सांगताच बेटावर गेला. धक्क्यावर ओकदान भेटली.

"आता काय राहिलंय न्यायचं, साहेब?"

"आजींना भेटायचंय."

"पूर्वी कोंबड्यांना दाणे टाकतानासुद्धा गायच्या. मी वैतागायचे, म्हणायचे, पुरे करा हो आई. आता घरात भांडी तेवढी वाजतात." तिने मान फिरवली. "मी माफी मागितली, तर म्हणतात, कशाबद्दल गं?"

धक्क्यालगतच्या मोकळ्या जागेत आजी समुद्रशेवाळाचे ओले पातळ पापुद्रे चौकटींवर वाळत घालत होती. गीहून तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून वाकला.

"ऊठ, पँट भिजेल."

"आजी, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"खोट्याचं काय घेऊन बसलास? बाजारात शिळा मासा ताजा म्हणून मीही खपवते." तिचे हात थांबले नाहीत. "मला ते खरं वाटलं रे. एवढी सुरकुतलेली बाई मी, आणि ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, माझा आवाज यंत्राला सोसत नाही म्हणून. गळा ताणून गात होते. त्याची लाज वाटते मला."

तिच्या रागासाठी तो तयार होऊन आला होता. ही लाज त्यानेच तिच्या अंगावर घातली होती, आणि आता ती काढून घेणं त्याच्या हातात नव्हतं.

"माईक आणलायस?"

"नाही."

"मग तू म्हण. एवढ्या वेळा ऐकलंयस, येत असेल."

शेजारच्या चौकटींवरच्या बायका हात थांबवून बघू लागल्या. गीहून उभा राहिला. पहिल्याच ओळीला त्याचा आवाज फाटला. एकीने रुमालात तोंड लपवून हसू दाबलं. तो लाल झाला, पण थांबला नाही.

"'रोप' नाही, 'रोपं'," आजी म्हणाली. "एकाच रोपाने कुणाचं पोट भरतं?"

त्याने चूक सुधारली आणि पुढे म्हणत राहिला. आजी पुढच्या ओळीची वाट पाहायची, शब्द चुकला की बोलून दुरुस्त करायची. सुरात मात्र ती आली नाही. साथीची जागा आली की तिथे नुसता वारा वाजायचा. गाणं संपलं तेव्हा बायकाही हसायच्या थांबल्या होत्या.

बोटीचा भोंगा झाला. आजीने वाळलेल्या शेवाळाची एक चवड कागदात बांधली. "बायकोला दे. विस्तवावर जरा धरून भाताबरोबर वाढायला सांग."

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. बोट सुटल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. ओकदान सासूशेजारी येऊन चौकटी उलटायला लागली होती. दोघी खाली मान घालून काम करत होत्या. वारा बोटीकडेच वाहत होता, आणि गीहून बराच वेळ कठड्याला टेकून कान देत राहिला. चौकटी आपटल्याचे आवाज तेवढे आले.