काकांची पैज आणि बुडालेला फोन

नळाची कामं करणारे टाकीवाले काका टाकीत उतरले, आणि शर्टाच्या खिशातला फोन त्यांच्याही आधी तळाला गेला.

बरं, गेला तर गेला; काढावा, पुसावा आणि गप्प बसावं ना! पण काकांनी घरी येऊन तो थेट चार्जिंगला लावला. 'बघू तरी चालू होतोय का!' झालं! एकदा चमकला आणि डोळे मिटले.

फोनचं काय, दुसरा मिळेल. पण त्यात फोटो होते. भिंतीला टाइल लागण्याआधी आतल्या पाइपांना मापाची टेप लावून फोटो काढायचा, ही काकांची शिस्त. डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्यात काकांनीच पाइप टाकले होते, आणि तिथली भिंत पाझरत होती. गवंडी म्हणाला, अख्खी भिंत फोडावी लागेल. काका तापले आणि चारचौघांत बोलून बसले, "एकच टाइल फोडीन. दुसरी फुटली तर हत्यारं कायमची खाली ठेवीन!" गवंडी उद्या सकाळी येणार होता. आणि भिंतीत पाइपाचा जोड नेमका कुठे आहे, ते फक्त त्या फोनला ठाऊक.

तोंड एवढंसं करून काका लेकीच्या दुकानात गेले. मोबाइल दुरुस्तीचं तिचं दुकान बाजारातल्या एका जिन्याखाली होतं.

"चार्जिंगला लावला होतात?" तिनं वास घेऊनच विचारलं.

"थोडाच वेळ."

"बाबा! पाइप फुटला की लोकांवर ओरडता, आधी मेन वॉल्व्ह बंद करा म्हणून. आणि स्वतः ओल्या फोनला वीज? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि तेही कोरडे नाही, चांगले ओलेचिंब!"

काकांशी असं बोलायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. पण चूक ती चूक. काका स्टुलावर बसले.

तिनं फोन गरम करून पाठ उघडली, आधी बॅटरी सोडवली. आतल्या सर्किटच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलं होतं. स्पिरिट आणि मऊ ब्रशनं तिनं ते हळूहळू साफ केलं, मग भिंगाखाली पट्टी सरकवत एकेक जागा तपासू लागली. मोहरीच्या निम्म्याएवढा एक तुकडा जळलेला सापडला. काका वाकले.

"उजेड अडवू नका."

काका मागे सरले. हे वाक्य ते रोज गिऱ्हाइकांना ऐकवत.

"फोन फार दिवस टिकणार नाही," ती म्हणाली. "पण फोटो काढते बाहेर."

जळका तुकडा बदलून तिनं दुसरा बसवला. पडदा उजळला. पटापट सगळं कॉम्प्युटरवर उतरलं, आणि तिथे टेपसकट पाइप दिसले. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"पोरी, इतका बारीक हात माझ्या सात पिढ्यांत कुणाचा नाही," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

सकाळी काकांनी मोजून खूण केली. गवंड्यानं नाक मुरडत घाव घातला. टाइल निघाली, आणि समोरच जोड ठिबकत होता. गवंडी वाकून जोड बघू लागला.

"काका, कमाल केलीत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझी कसली? फोटो पाण्यातून वर काढला तो माझ्या लेकीनं. जरा फोन द्या तुमचा." त्यांनी दुकानात फोन लावला. "पोरी, एकच फुटली गं!"

पलीकडे ती भर दुकानात ओरडली, "ऐकलंत का सगळ्यांनी? माझे बाबा बोलले तसंच करून दाखवलं त्यांनी! एकच टाइल!"

काकांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. म्हणाले, "आणखी कोण कोण आहे गं दुकानात? त्यांनाही सांग."