रांगेनं टाकलेली तक्रार

दुपारचे साडेचार. लिमाच्या कोमास भागात, फोर्तुनातोच्या सायबर कॅफेत यानिना पाल्कोच्या पडद्यावर, ऑनलाइन गेमच्या चॅटमध्ये, एक ओळ आली : ‘पिवळा स्वेटर तुला शोभतो.’ पाठवणाऱ्याचं खातं त्याच दिवशी उघडलेलं होतं.

यानिनानं पिवळाच स्वेटर घातला होता.

तिच्याच संघातून खेळणारा एवेर शेजारी होता. कुणीतरी लाइन मारतोय, असं म्हणून त्यानं उडवून लावलं. तेवढ्यात दुसरी ओळ आली : ‘रविवारी माझं खातं बंद पाडलंत. शाळेत होतो तेव्हापासूनचं होतं.’

रविवार दोघांना आठवला. सामना ऐन रंगात असताना त्यांच्या संघातला एक अनोळखी गडी जागच्या जागी थांबला आणि संघ हरला. त्यानं मुद्दाम हरवलं म्हणून एवेरनं तक्रार टाकायची हाक दिली. या कॅफेची रीतच ती : एकानं हाक दिली की सगळी रांग तक्रार टाकते, सामना पाहिलेला असो वा नसो. गेमच्या कंपनीनं त्या गड्याचं खातं कायमचं बंद केलं. त्याच वेळी कॅफेतल्या मागच्या रांगेचं इंटरनेट गेलं होतं, हे यानिनाला आत्ता आठवलं.

चूक झाली, आम्ही तक्रार मागे घेतो, असं तिनं लिहिलं.

‘मागे घेता येत नाही. मी विचारून पाहिलंय. तू घरी पायऱ्यांच्या वाटेनं जातेस ना?’

तिनं मालकाला हाक मारली.

“काय गं पोरी, पुन्हा हरलीस?” फोर्तुनातो हसत आला. वाचल्यावर हसायचा थांबला. त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं आणि मेन स्विच बंद केला.

“काका, बिल नाही भरलं वाटतं!” मागून कुणीतरी म्हणालं. मागची अख्खी रांग हसली. यानिना एकेक चेहरा पाहत होती. सगळे सारखेच हसत होते.

तिचा फोन थरथरला. गेमच्या ॲपवर त्याच खात्यावरून ओळ आली होती : ‘काका चांगला माणूस आहे. त्याला यात ओढू नकोस.’

फोर्तुनातोनं पोलीस चौकीला फोन लावला. कुणाला मारहाण झाली का, असं तिकडून विचारलं. नाही म्हटल्यावर, उद्या येऊन लेखी द्या, एवढंच उत्तर मिळालं. यानिनानं भावाला बोलावलं. तो रिक्षा घेऊन निघाला होता.

साडेपाच वाजता भाऊ पोचलेला नव्हता. वीज अजून बंदच होती. मागच्या रांगेतून कुणीही उठलं नव्हतं.