दोन खांबांमधले चाळीस मीटर

निलेशला नववीत विज्ञानात तेहेतीस गुण पडले होते. मी दोन कृपेचे घातले आणि त्याला पुढे ढकललं. एकतीस वर्षांच्या मास्तरकीत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांत ही फार वरची.

तोच निलेश परवा सकाळी माझ्या ओट्याशी उभा राहिला. बोटांत तीन अंगठ्या, हातात टाइप केलेला कागद आणि शाईचा पॅड. औंढ्यातल्या जमिनी विकतो, प्लॉट पाडतो आणि पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले सांभाळतो. त्याच्या मागे त्याचे एक बंगलेवाले, आकाशसाहेब. चाळिशीचे, अर्ध्या चड्डीतले, डोळ्यांवरचा काळा चष्मा सावलीतही न काढणारे. आणि सगळ्यांत मागे, काखेत कुबडी घेऊन, डावा पाय प्लास्टरमध्ये घातलेली गंगी. तिला आधी बसू द्यावं एवढंही दोघांना सुचलं नव्हतं.

गंगी वरच्या ठाकरवाडीची. नऊ दिवसांपूर्वी करवंदांची पाटी घेऊन शाळेसमोर रस्ता ओलांडत होती, तेव्हा आकाशसाहेबांच्या गाडीनं तिला उडवलं.

"बाई, ह्यो म्हन्तो अंगठा दे," गंगी खुर्चीत टेकत म्हणाली. "मी म्हनलं, बाईंनी वाचल्याबिगर द्यायची न्हाई."

मी वाचलं. 'मी अचानक धावत रस्त्यावर आले. गाडी हळू होती. चूक माझी आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली अंगठ्यासाठी चौकोन. एवढा चौकोन भरला की गंगीचा मोडका पाय तिचा तिनंच मोडून घेतला, असं कायमचं ठरणार होतं.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच, बाई," निलेश म्हणाला. "फॉर्मॅलिटी आहे. साहेब भले माणूस आहेत, दवाखान्यात बिस्किटं घेऊन गेले होते."

"आजी, मी फॅक्ट्सवर बोलतो," साहेबांनी मोबाइल पुढे केला. "हा गाडीच्या स्क्रीनचा फोटो. बाणेर ते इथं, पासष्ट किलोमीटर, दोन तास पाच मिनिटं. ॲव्हरेज स्पीड एकतीस. मशीन खोटं बोलत नाही. एकतीसच्या स्पीडला कुणाला लागतं का?"

"मला इथं सगळे बाई म्हणतात," मी म्हटलं. "दोन तास पाच मिनिटं? वाटेत थांबला असाल."

"हो, तळेगावला मिसळ खाल्ली. अर्धा तास. मग लोणावळ्यात चिक्की, तिथं पार्किंगलाच वीस मिनिटं गेली."

"तेव्हा गाडी बंद केली असेल ना?"

"छे! डॉगी आत होता. त्याला एसी लागतो. गाडी चालूच होती."

निलेशची मान खाली गेली. तेहेतीस गुणांपुरतं त्याला कळलं होतं. साहेब मात्र माझ्याकडे हसून पाहत होते, कुत्र्याबद्दल शाबासकी मिळेल अशा बेतानं.

माणसानं शिकून मोठं व्हावं, परदेशात जावं, शेतात बंगला बांधून त्याला 'सेरेनिटी' नाव द्यावं, आणि एवढंही कळू नये! मिसळ खाताना गाडीचा वेग शून्य होता. चिक्की घेताना शून्य होता. गाडी चालू, म्हणून मशीननं ते पन्नास मिनिटांचं शून्यही बाकीच्या धावण्यात कालवलं, आणि एकतीस आले. सरासरी वेगानं कुणाचं हाड मोडत नाही. मोडतं ते त्या क्षणी जो वेग असेल त्यानं. हे मी नववीच्या पोरांना दुसऱ्याच तासाला सांगत असे, आणि गुरं राखून शाळेत येणाऱ्या पोरांना ते कळत असे.

कळत असे, कारण मी त्यांना वर्गात बसवून शिकवत नव्हते. अठ्ठ्याहत्तर साली मी लोणावळ्याहून सायकलनं या शाळेत येऊ लागले तेव्हा प्रयोगशाळा म्हणून एक कुलूप लावलेलं कपाट होतं, आणि त्याची किल्ली हेडमास्तरांनी हरवली होती. मग मी पोरांना रस्त्यावर काढलं. शाळेसमोर विजेचे दोन खांब आहेत. टेप लावून मोजले, चाळीस मीटर. एक पोरगा पहिल्या खांबाशी रुमाल खाली करायचा, दुसरा दुसऱ्या खांबाशी घड्याळ बघायचा. बैलगाडी, दूधवाल्याची सायकल, एसटी, जे जाईल ते मोजायचं. दरवर्षी नवी पोरं, खांब तेच. पुस्तकात लिहिलेलं असायचं की अगदी एकसमान गती व्यवहारात सहसा सापडत नाही. मी म्हणायचे, थांबा जरा. मग गंगीची आई डोक्यावर पाटी घेऊन यायची. पस्तीस सेकंद. उद्या बघा, पस्तीस. पुढे गंगी येऊ लागली, तरी पस्तीस. भरली पाटी डोक्यावर असली की बाई धावत नाही आणि रेंगाळतही नाही. निलेशच्या वर्षी रुमाल धरायला तोच होता, कारण घड्याळ त्याच्या हाती द्यायचा मला धीर झाला नाही.

"निलेश," मी म्हटलं, "शाळेसमोरच्या अंबूबाईच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ तुझ्याकडे आहे ना?"

"आहे, पण बाई, त्यात काही..."

"लाव."

तो व्हिडिओ साऱ्या गावानं पाहिला होता आणि हळहळून मोबाइल खिशात टाकला होता. मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. माझे विद्यार्थी सगळे! कोपऱ्यात सेकंद दिसतात. गंगी रस्त्याच्या मध्यावर पोचते तेव्हा सोळा. त्याच वेळी गाडी पहिल्या खांबापाशी. दुसऱ्या खांबापाशी येते तेव्हा अठरा. पुढे करवंदंच करवंदं.

"कॅमेऱ्याचा अँगल आहे तो," साहेब म्हणाले. "त्यात सगळंच फास्ट दिसतं."

"दिसू दे. मी दिसण्यावर जात नाही. दोन सेकंद. आणि अंतर चाळीस मीटर."

"ते तुम्ही म्हणता!"

"टेप काढ, निलेश."

जमिनी विकणाऱ्याच्या पिशवीत टेप नसेल असं होत नाही. लोकांची शेतं मोजून मोजून पिवळी पट्टी काळी पडली होती. तो पन्नास पावलांवरच्या शाळेसमोर जाऊन या खांबापासून त्या खांबापर्यंत टेप लावून आला. आला तो बूट बघतच.

"किती?"

"चाळीसच्या वर दोन बोटं."

"दोन बोटं साहेबांना माफ. पुढचं गणित कर."

"बाई, आता कुठं..."

"चाळीस भागिले दोन."

"वीस. वीस मीटर पर सेकंद."

"ताशी किती किलोमीटर? गुणिले काय?"

त्याचे ओठ हलले. तीस वर्षांमागे या प्रश्नाला त्यानं छताकडे पाहिलं होतं. आता साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला होता.

"अठरा छेद पाच," निलेश पुटपुटला. "बाहत्तर."

"निलेश, तू कुणाच्या बाजूनं आहेस?" साहेब म्हणाले. "सेकंद मागं-पुढं असू शकतो!"

"असू शकतो," मी म्हटलं. "तीन धरा. अठ्ठेचाळीस होतात. शाळेसमोरच्या वेगमर्यादेच्या पाटीवर तीस लिहिलंय, आणि तुमच्या त्या मशीनवर एकतीस. आता यातला कुठला आकडा चौकीत सांगायचा ते ठरवा."

"आन मी पळत व्हते म्हनं!" गंगीनं कुबडी आपटली. "डोक्यावर धा किलोची पाटी घेऊन कोन पळतंय रं निलेश? तुजी आय पळत व्हती का?"

निलेशची आई माळावरून डोक्यावर गवताचे भारे आणायची.

मी कागद उलटा केला आणि माझं पेन त्याच्या हातात दिलं. गंगी सांगत गेली, तो लिहीत गेला: मी चालत होते. अर्धा रस्ता ओलांडला होता. गाडी शाळेच्या दोन खांबांमध्ये दोन सेकंदांत आली. खांबांमधलं अंतर आज मोजलं आहे. बाहत्तर लिहिताना त्याचा हात अडला, पण लिहिलं.

"आता साक्षीदार म्हणून सही."

"बाई, माझ्या धंद्याचं बघा की जरा."

"बघतेच आहे. एवढी वर्षं दुसरं काय बघतेय?"

"राहू द्या बाई," गंगी म्हणाली. "अक्षर त्याचंच हाय. बास." आणि त्यानं साहेबांसाठी आणलेल्या पॅडवर तिनं अंगठा दाबून कागदाच्या या बाजूला उठवला. दुपारी उमेशची रिक्षा बोलावून आम्ही दोघी चौकीत जाणार होतो. व्हिडिओ अंबूबाईनं माझ्या मोबाइलवर पाठवून ठेवला होताच.

"मी वकिलांशी बोलतो," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले. निलेश मागच्या दारापाशी घुटमळला, पण दार कुणी उघडलं नाही. तो पायीच गेला.

गाडी शाळेसमोर आली. सवयीनं मी मोजू लागले. पहिला खांब. दुसरा खांब यायला बारा सेकंद लागले. दूधवाल्याची सायकल तिच्यापुढे निघून गेली असती.

गंगीही मान वळवून बघत होती.

"बगा बाई," ती म्हणाली, "येतंय की त्याला हळू चालवाया."