आपण आणि आम्ही

आमच्या ऑफिसात 'आपण' या शब्दाचा अर्थ 'तुम्ही' असा होता. "आपण हे उद्यापर्यंत संपवून टाकू," असं म्हणून साहेब घरी जायचे आणि संपवायला मी बसायचे. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना आपणसाहेब म्हणत. ते नाव मीच ठेवलेलं. जीभ जरा तिखटच आहे माझी. पण खरं सांगते, त्या 'आपण'ची सवय झाली होती. राबवून का घेईना, माणूस निदान मला धरून बोलतोय, असं वाटायचं.

रक्त तपासणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम आम्ही लिहायचो. कुठल्या नळीतलं रक्त कुणाचं आणि त्याचा निकाल कुणाच्या नावावर जायचा, हा भाग पहिल्यापासून माझा. विभागात बाकी सगळी कोवळी पोरं, आणि मी पन्नाशीला टेकलेली. ती मला 'आजी' म्हणायची. काही अडलं की "आजीला विचार," आणि सगळे मिळून बाहेर जेवायला निघाले की आजीला सांगायचं हमखास राहून जायचं. बायका तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दर वर्षी साहेब पडद्यावर तक्ते दाखवायचे: सरासरी वय किती, बायका किती. वयाच्या तक्त्यात मी दाताखालच्या खड्यासारखी आणि बायकांच्या तक्त्यात मात्र मिरवायला पुढे!

माझी लेक याच विषयात शिकली. दुसरं काही शिकू का विचारत होती, तर मीच तिला भरीला घातलं. घर माझ्या पगारावर चालायचं. आमचे हे एका यंत्रांच्या कारखान्यात आराखडे काढायचे. कारखान्याने तो विभागच बंद केला, तेव्हापासून घरी होते. लेकीने शिक्षण संपल्यावर अर्ज करायला सुरुवात केली आणि जिथे तिथे तिला वाटाण्याच्या अक्षता. कुणी म्हणे अनुभव नाही, कुणी तर उत्तरच देईना. हळूहळू ती खोलीचं दार लावून बसायला लागली. जेवायला हाक मारली की आतूनच "भूक नाही." एकदा मात्र दार उघडून म्हणाली, "आई, माझ्यातच काही कमी आहे का गं?"

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना गाठलं. "पाठवा की! आपल्याकडेच घेऊ तिला," ते म्हणाले. त्या माणसाच्या तोंडचा 'आपण' मला पहिल्यांदाच गोड लागला. पुढची परीक्षा, मुलाखत, सगळं तिने स्वतःच्या हिमतीवर पार पाडलं. त्यानंतर मी कुणाजवळ शब्दही टाकला नाही.

मग एके सकाळी साहेबांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. इतक्या वर्षांत माझ्यासाठी चहा कधी आला नव्हता, तेव्हाच मी कान टवकारले.

"मुलगी हुशार आहे तुमची," ते म्हणाले. "आम्ही तिला घ्यायचं ठरवलंय."

आम्ही. आनंद व्हायच्या आधी मला तो शब्दच ऐकू आला.

"फक्त एक आहे. एका घरातल्या दोघी एकाच विभागात नकोत, असं आम्हाला वाटतं."

"शेजारच्या विभागात ते दोघे भाऊ आहेत की."

"ते जुनं झालं हो."

"मग मला दुसरीकडे टाका."

"तुमच्या पगारात आता कोण घेणार?" हे त्यांनी अगदी मायेने विचारलं. मग खुर्ची पुढे ओढून समजूत घालायला लागले. "असं बघा, तुमच्या जागी ती आली तर बायकांचा आकडा तसाच राहतो. सरासरी वय उतरतं. सगळ्यांचंच भलं आहे." पगाराबद्दल ते बोलले नाहीत. माझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात ती येणार, हे न सांगताही कळत होतं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर काय? तुम्हाला कोण हात लावतंय! तिचं पत्र अजून निघालेलं नाही, एवढंच."

असा संताप आला की तो चहा त्यांच्या टेबलावर ओतून निघून यावं. पण डोळ्यांसमोर ते बंद दार आलं, आणि माझी तिखट जीभ मूग गिळून गप्प बसली. मी 'स्वेच्छेने' राजीनामा दिला. शब्द त्यांचा, सही माझी.

घरी सांगितलं की डोळे शिणलेत, आता पुरे. ह्यांना तेवढं खरं सांगितलं आणि लेकीला कळता कामा नये म्हणून बजावलं. हे म्हणाले, "आता घरात बसायला आपण दोघं."

लेकीने मात्र तोंड फुगवलं. "असं काय गं! मी तर आपल्या दोघींचा एकच डबा न्यायचं ठरवलं होतं."

ती रुजू होईपर्यंत जेवणाच्या टेबलावर मी तिला माझा भाग शिकवला. दोन रोग्यांचं नाव एकच असेल तर जन्मतारीख बघायची. तीही एकच निघाली तर यंत्र थांबवायचं आणि माणसाला विचारायचं. "पण आपण यंत्र का थांबवतो? अंदाज का नाही करत?" ती विचारायची. कारण नळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी जीव असतो, मी सांगायचे. ती 'आपण' म्हणाली की बरं वाटायचं. जणू मी अजून तिथेच होते.

पहिल्या आठवड्यात ती 'तुमचं ऑफिस' म्हणायची. मग 'आमचं' म्हणायला लागली. खोलीचं दार उघडं राहायला लागलं, आतून गुणगुणणंही ऐकू यायचं. मला हेच तर हवं होतं. तरी सकाळी ती निघून गेली की मी उगाच तिच्या खोलीच्या दारात उभी राहायचे आणि रडायचे.

काल ती घरी आली ती उड्या मारतच. जेवायला बसल्या बसल्या सुरू झाली.

"आई, आज साहेबांनी वर्षाचे तक्ते दाखवले. बाकी सगळीकडे म्हणे बायका मध्येच गळतात, तुझ्या वयाच्या तर फारच. आमच्याकडे नाही. आमच्याकडे वर्षभरात एकही बाई कमी झाली नाही!"

ह्यांचा घास हातातच राहिला. ते काही बोलणार, तेवढ्यात मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"एकही नाही?" मी विचारलं.

"एकही नाही. आकडाच होता ना पडद्यावर. केवढ्या टाळ्या पडल्या! मीसुद्धा वाजवल्या."

"बरं झालं," मी म्हटलं. "जेव आता, गार होतंय."