बिब्ब्याच्या खुणा

खिशात काय ठेवलं होतं, हे रिठद गावच्या पुरुषांच्या कधी लक्षात राहत नसे. रंगूबाई परटिणीला मात्र ते विसरता येत नसे. गावातल्या एकवीस घरांचं धुणं तिच्याकडे. बाईला अक्षर एक येत नव्हतं, पण प्रत्येक घराची खूण तोंडपाठ होती. बिब्ब्याच्या तेलाने कपड्याच्या कोपऱ्यात काढलेली ती काळी खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. शालिग्रामाच्या घरचे दोन ठिपके, इंद्रभानाची फुली, जगदेव पाटलाच्या तीन उभ्या रेघा.

एकदा पाटलाचा कोर्टाचा कागद कोटासकट भट्टीत उकडून निघाला. पाटलाने तिला अंगणात उभं करून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि हुकूम सोडला, "आजपासून खिशात चिटोरं जरी सापडलं, तरी त्याच्या पाठीवर घराची खूण कर अन् ज्याचं त्याले वापस दे!" त्या दिवसापासून रंगूबाईने हुकूम कधी मोडला नाही.

मग त्या साली कापसाच्या गाड्या कारंज्याच्या बाजारातून परतल्या आणि इंद्रभानाच्या कोटात ते चित्र निघालं. हा इंद्रभान म्हणजे रोज संध्याकाळी देवळात पोथी सांगणारा आणि बायांनी डोईवरून पदर घेतला नाही तर वाचन थांबवणारा. जाड पुठ्ठ्यावर एक गोरी मड्डम होती. अंगावर चिंधी नाही, पायात तेवढे उंच टाचेचे बूट.

"एवढं सारं सोडलं बाई, मंग बूट काहून ठेवले?" रंगूबाई स्वतःशीच म्हणाली. तिने पाठीवर फुली काढली आणि चित्र इंद्रभानाच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं.

आठ दिवसांनी तीच मड्डम शालिग्रामाच्या बंडीच्या खिशात सापडली. दोन ठिपके. पुढच्या धुण्याला आणखी एका घरी. उन्हाळा लागेपर्यंत मड्डमने जवळजवळ अख्खं गाव पालथं घातलं आणि तिच्या पाठीवर सोळा खुणा झाल्या. उरलेल्या पाच घरांपैकी दोन घरांत पुरुष नव्हता, एकाची दृष्टी गेली होती आणि दोघांच्या बंड्यांना खिसे नव्हते. कोणाच्या सदाचाराचं कौतुक करावं असं एकही घर रंगूबाईला सापडलं नाही. बरं, एवढ्या खुणा झाल्या तरी एकालाही त्या दिसल्या नाहीत. मागची बाजू बघायला कोणाला सवड होती!

रंगूबाईला किळस यायची, त्याहून जास्त हसू यायचं. घरच्या बाईचा पदर बोटभर सरकला की घर डोक्यावर घेणारे हेच पुरुष. पण ती गप्प राहिली. धुणं बंद झालं की चूल बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि एक दिवस तिची सून गोजरा कपडे पोचवायला शालिग्रामाकडे गेली. पोर लग्नानंतर चार वर्षांनी विधवा झालेली, माहेरी कोणी उरलं नव्हतं, सासूच्या आधाराने राहत होती. गठ्ठा सोडताना, फिरून त्याच्याच बंडीत आलेली मड्डम नेमकी शालिग्रामाच्या बायकोपुढे, मनकर्णाबाईपुढे पडली. मनकर्णाबाईने आकांत मांडला. शालिग्राम डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "ही बाई माह्या मागं लागून राह्यली. हिनंच घातलं ते बंडीत."

दुपारी देवळासमोरच्या पारावर पंच बसले. इंद्रभानाने आधी एक श्लोक म्हटला. जगदेव पाटलाने चित्र पुराव्यासाठी हातात घेतलं आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ न्याहाळलं. मग घसा खाकरून निकाल दिला, "अशी बाई गावात राह्यली तं आपल्या लेकीसुना नासतीन. दिवस बुडाच्या आत तिनं गाव सोडावं."

गोजराने सासूचा हात घट्ट धरला. देवळाच्या भिंतीशी बाया दाटीने उभ्या होत्या. रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आता चुलीचा विचार करण्यात अर्थ नव्हता.

"मालक, ते चित्र जरा पालथं करा."

पाटलाने चित्र उलटलं. पाहिलं. आणि झटकन मांडीखाली सरकवलं. "काही नाही. जुनापुराना डाग हाये."

"डाग असता तं म्या कवाचाच काढला असता," रंगूबाई म्हणाली. "थ्या खुना हायेत. तुमीच सांगतलं होतं, ज्याचं त्याले वापस दे म्हनून."

मनकर्णाबाईने पदर खोचला, पाराची पायरी चढली आणि पाटलाच्या मांडीखालून चित्र ओढून काढलं. साऱ्या बाया भोवती गोळा झाल्या. त्यांच्यातल्या एकीलाही लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ही लिपी प्रत्येकीला येत होती. दर आठवड्याला ह्याच खुणा पाहून त्या कपडे मोजून घेत.

"दोन ठिपके," मनकर्णाबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाली.

"फुली कोनाची वो?" कोणीतरी विचारलं. इंद्रभानाची बायको आधीच घराकडे निघाली होती.

"तीन रेघा," पाटलीणबाई हळूच म्हणाल्या.

पारावर धोतरं सावरण्याची एकच घाई झाली. रंगूबाई हलली नाही. "माह्या सुनेची खून दाखवा याच्यात. मंग म्याच तिले वेशीपर्यंत पोचवीन."

पाटील जमिनीकडे पाहत पुटपुटला, "गोजराचा काही गुन्हा नाही."

"जोरानं सांगा, मालक. गाव सोड म्हनाले तवा जोरानं सांगतलं होतं."

पाटलाला ते जोराने सांगावं लागलं.

पुढच्या धुण्याला रंगूबाईला वाटलं होतं, कोणी कपडे धाडणार नाही. पण सगळ्या घरचे गठ्ठे आले, बाया स्वतः घेऊन आल्या. गोजराने सवयीने एक कोट उलटा केला आणि सासूला हाक मारली. आतला खिसा गोधडीच्या जाड दोऱ्याने शिवून टाकलेला होता. दुसऱ्या कोटाचाही तसाच. सोळाही घरांचे तसेच, आणि पाटलाच्या कोटाला दुहेरी टाका.

"उसवू, आत्याबाई?"

"हात लावू नको," रंगूबाई म्हणाली, आणि कपडे धुऊन वाळल्यावर इस्त्रीत निखारे भरून तिने त्या शिवणीवरून ती चांगली दाबून फिरवली.